वटाव खात्यात लपलेली घसरण : सांगलीतल्या एका शर्ट-ब्रँडचं प्रकरण

हे प्रकरण सांगलीतल्या एका कुटुंबाच्या तयार शर्टांच्या धंद्याचं आहे. एके काळी सांगली, सातारा आणि कोल्हापूर या तिन्ही जिल्ह्यांत त्यांच्या पांढऱ्या शर्टाला नावानं मागणी होती. आज नाव आठवतं, शर्ट दिसत नाही. ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत आणि काही तपशील हलवले आहेत. थोरल्या भावाला अण्णा म्हणतो, धाकट्याला दादा. मी हिशेबाच्या बाजूनं या धंद्याजवळ होतो, त्यामुळे लिहिताना वहीकडे जरा जास्त झुकलो आहे.

पार्श्वभूमी

वडिलांचं कापड पेठेत दुकान होतं. धोतरं, लुगडी, शर्टाचे पीस, लग्नाचा बस्ता असा नेहमीचा माल. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईच्या गिरण्यांचा माल पूर्वीसारखा येईना आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी इथल्या यंत्रमागांच्या कापडानं ती जागा भरून काढली. सांगलीच्या दुकानदाराला इचलकरंजी तासाभराच्या अंतरावर, आणि जिल्ह्यातच विट्याला माग होते. कापड मिळण्याची अडचण नव्हती. अडचण शिलाईची होती. दिवाळीच्या आधी पीस घेऊन गेलेलं गिऱ्हाईक टेलरच्या ‘उद्या या’ला कंटाळून दुकानदारावरच चिडायचं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अण्णांनी सांगलीजवळच्या माधवनगरला एक शेड भाड्यानं घेतली, पाच-सहा मशिनी टाकल्या, मुंबईत काम केलेला एक कटिंग मास्तर आणला आणि फक्त पांढरे शर्ट शिवायला सुरुवात केली.

फक्त पांढरे का, याला कारण होतं. आपल्याकडे पांढरा शर्ट नुसता अंगावर घालायचा नसतो, तो माणसाची जागा सांगतो. शिक्षक, ग्रामसेवक, सोसायटीचा सचिव, हळदीचा अडत्या, साखर कारखान्याचा संचालक आणि उद्या संचालक व्हायची इच्छा असलेला कार्यकर्ता, सगळ्यांना तो लागतो. वर्षाला दोन-तीन तरी लागतात, कारण पांढरा पिवळा पडतो. धंद्याच्या नजरेनं बघितलं तर यात मोठी सोय होती. रंग आणि डिझाइनची फॅशन नाही, त्यामुळे गेल्या वर्षीचा माल यंदाही विकतो. साइज सांभाळली की झालं. गैरसोय एवढीच की पांढऱ्यावर काहीही लपत नाही.

अण्णांनी सुरुवातीला तीन गोष्टी ठरवल्या. एक, एका हंगामाचं कापड शक्यतो एकाच लॉटचं घ्यायचं. पांढऱ्यातही निळसर पांढरा, पिवळसर पांढरा असतो, आणि बाही एका लॉटची नि पाठ दुसऱ्या लॉटची लागली तर उन्हात उभं राहिल्यावर फरक दिसतो. दोन, मापं मुंबईच्या तक्त्यावरून घ्यायची नाहीत. खांद्यात रुंद, पोटाला सैल, बाही किंचित आखूड असा त्यांचा कट होता, आणि ४४, ४६ या साइज कायम हजर असायच्या. तीन, कॉलर बाहेर करायला द्यायची नाही.

कॉलरबद्दल थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं तिथंच अडकलंय. शर्टाची कॉलर ताठ राहते ती आतल्या फ्युजिंगमुळे. एका बाजूला गोंदासारखा थर असलेलं हे बकरम कापडाला उष्णतेनं आणि दाबानं चिकटवतात. उष्णता किती, दाब किती आणि सेकंद किती या तिन्हींचा मेळ बसावा लागतो. शिवाय धुतल्यावर कापड जेवढं आटेल तेवढंच बकरमही आटायला हवं. मेळ चुकला तर दोन-चार धुण्यांनंतर दोन्ही एकमेकांपासून सुटतात आणि कॉलरवर फुगे येतात. दुकानात शर्ट हातात घेतला तेव्हा तो बिनदोष असतो. तपासणाऱ्यालाही काही सापडत नाही. दोष उघडा पडतो तो गिऱ्हाइकाच्या घरी, महिन्याभरानं, इस्त्री करताना. अण्णांनी मशिनी पाचच असतानाही कर्ज काढून फ्युजिंगचं प्रेस घेतलं होतं. त्या वेळी इतर कारखानदार हातइस्त्रीवर भागवत होते.

चढती वर्षं

नव्वदचं दशक या धंद्याला मानवलं. तयार कपडे तेव्हा लघुउद्योगांसाठी राखीव होते, मोठ्या कंपन्यांना मोठे कारखाने उभारायला आडकाठी होती. राष्ट्रीय ब्रँड होते, पण त्यांचा शर्ट तालुक्याच्या गावाला परवडत नव्हता आणि पोटाला बसतही नव्हता. ब्रँडची जाहिरात म्हणजे एसटी स्टँडजवळच्या भिंती आणि जत्रेतल्या कुस्ती मैदानाची हँडबिलं. खरी जाहिरात दुकानदाराच्या तोंडची. “हा घ्या, कॉलर मोडली तर मला आणून द्या,” असं तासगावचा किंवा कराडचा दुकानदार स्वतःच्या जबाबदारीवर सांगायचा.

विक्री उसाच्या बिलावर हलायची. कायद्यानं ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत, पण ते कधी मिळतात हे कारखान्यागणिक वेगळं. बिल जमा झालं की पेठ भरायची. ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या की वेगळीच लाट. अर्ज भरायच्या आठवड्यात मोठ्या साइज संपायच्या, आणि निकालानंतर गावात कुणाच्या अंगावर नवा शर्ट आहे यावरून गुलाल कुणाचा ते कळायचं.

दशक संपता संपता शेड स्वतःची झाली, मशिनी पन्नासच्या वर गेल्या, दादा कॉलेज संपवून धंद्यात आले. ब्रँडच्या नावाची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी याच काळात झाली. अर्ज अण्णांच्या वैयक्तिक नावानं गेला. फर्म भागीदारीची होती, पण ‘घरातलंच आहे’ म्हणून त्यावर कुणी बोललं नाही.

अडचण कुठं सुरू झाली

नोव्हेंबर २००० च्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग धोरणानं विणलेल्या कापडाच्या तयार कपड्यांवरचं लघुउद्योगाचं आरक्षण उठवलं. त्याचा परिणाम लगेच दिसला नाही. तीन-चार वर्षांनी मोठ्या कंपन्यांचे स्वस्त उप-ब्रँड सांगली-मिरजेच्या दुकानांत लागायला लागले. दादांचं म्हणणं असं की आपण आत्ता वाढलो नाही तर संपलो. चूक म्हणता येणार नाही. बाजार वाढत होता आणि मागणीइतका माल शेडमधून निघत नव्हता.

पहिला निर्णायक प्रसंग इथं आला. माल वाढवायचा कसा? स्वतःची दुसरी शेड घालायची, की कापड कापून शिलाई बाहेर जॉबवर्कवर द्यायची? शेडसाठी जागा, कर्ज आणि कुशल टेलर तिन्ही लागणार होतं. जॉबवर्कला यातलं काहीच लागत नव्हतं. जॉबवर्क ठरलं. अण्णांनी अट घातली की कॉलर आपल्याच प्रेसवर होईल आणि तयार होऊन बाहेर जाईल. पहिली दोन वर्षं तसंच झालं. पुढं लग्नसराईच्या एका हंगामात प्रेसवर कॉलरींचा ढीग साचला, बाहेरचे टेलर हातावर हात धरून बसले, आणि ‘एवढ्या हंगामापुरतं’ म्हणून जॉबवर्कवाल्यांना कॉलरही तिकडंच करायला सांगितलं गेलं. हंगाम संपला, तात्पुरती परवानगी मात्र तशीच राहिली. मास्तर तेव्हाच म्हणाला होता, “मालक, त्यांच्याकडं प्रेस न्हाई, इस्त्रीवर करत्यात. आज दिसणार न्हाई, पण कपडा धुतल्यावर बोंबलंल.”

त्या वर्षी विक्री आजवरची सर्वांत जास्त झाली. पुढच्या वर्षी आणखी वाढली.

तक्रारी आल्या नाहीत असं नाही. त्या आल्या, पण तक्रारीच्या रूपात आल्या नाहीत. या धंद्यात उधारी तीन-चार महिन्यांची असते. कॉलर फुगलेला शर्ट गिऱ्हाइकानं परत आणला की दुकानदार त्याला बदलून द्यायचा आणि तेवढी रक्कम पुढच्या पेमेंटमधून कापून घ्यायचा. माल परत पाठवायची कटकट दोघांनाही नको. कारखान्याच्या वहीत ही कापलेली रक्कम वटाव-कसर खात्याला, म्हणजे दिलेल्या सवलतींच्या खात्याला पडायची. त्याच खात्यात रोखीची सूट, हिशेब मिटवताना सोडलेले पैसे आणि दिवाळीची खास सवलतही असायची. दोन-तीन वर्षांत हे खातं विक्रीच्या प्रमाणात दुपटीहून मोठं झालं. बैठकीत त्याचा अर्थ असा लावला गेला की स्पर्धा वाढली आहे, दुकानदार सूट जास्त मागतोय. विक्रीचा आकडा चढता होता, त्यामुळे कुणाला खोलात जावंसं वाटलं नाही.

माझ्या मते ब्रँड पडला तो याच वर्षांत. मॉल, ऑनलाइन, जीएसटी, महापूर यांची नावं सगळे घेतात, पण ते नंतर आले.

समोर असलेले पर्याय

प्रश्न उघड व्हायला एक बिल कारणीभूत ठरलं. साताऱ्याच्या एका जुन्या दुकानदारानं पैसे कापले, आणि बिलासोबत सहा शर्टांच्या कॉलरी कापून पिशवीत घालून पाठवल्या. वर चिठ्ठी : “अण्णा, तुमच्या शब्दावर विकतो. आता शब्द कुणाचा द्यायचा ते सांगा.” अण्णांनी त्या कॉलरी टेबलावर मांडल्या आणि गेल्या वर्षीचं वटाव खातं दुकानवार फोडून मागितलं. तेव्हा कुठं चित्र दिसलं. सर्वांत जुनी, सर्वांत जास्त विकणारी दुकानंच सर्वांत जास्त पैसे कापत होती.

घरात बरीच वादावादी झाली. चार वाटा चर्चेत होत्या.

अण्णांचं मत, जॉबवर्क पूर्ण बंद करायचं, विक्री निम्म्यावर आली तरी चालेल, आणि दुकानांत पडून असलेला बाहेरच्या कॉलरीचा माल परत बोलवायचा. यात रोख पैसा अडकणार होता आणि बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे रोजच्या धंद्यासाठी उचलता येणारं कर्ज, साठ्यावर आणि येण्यावर बेतलेली होती. विक्री घटली की मर्यादाही घटणार. दुसरी वाट मधली होती : जॉबवर्क ठेवायचं, पण आणखी एक प्रेस घेऊन कॉलर पुन्हा आत आणायची. तिसरी, जुनं नाव फक्त शेडमधल्या शर्टाला ठेवायचं आणि बाहेरच्या मालाला दुसरं, स्वस्त लेबल लावायचं. चौथी दादांची. दुकानदारांवर अवलंबून राहणंच चूक आहे, सांगलीतच विश्रामबागला स्वतःचं शोरूम काढू, पँट, टी-शर्ट, मुलांचे कपडे सगळं एकाच नावाखाली ठेवू.

दुसरी वाट सर्वांत स्वस्त होती. आश्चर्य म्हणजे तिच्यावर सर्वांत कमी चर्चा झाली. अण्णा परत बोलवण्यावर अडून बसले, दादा शोरूमवर. दोन्ही बाजूंना आपलं मोठं म्हणणं खरं करायचं होतं आणि एका यंत्राच्या खरेदीत कुणाचाच विजय नव्हता.

काय केलं

शेवटी घराण्यात होते तशी तडजोड झाली. शोरूम निघालं. अण्णांच्या समाधानासाठी कॉलर तपासायला एक माणूस नेमला. पण तो तयार माल डोळ्यांनी तपासत होता, धुऊन नाही. हा दोष डोळ्यांना दिसतच नाही हे वर आलंच आहे. माल परत बोलवला नाही. त्याऐवजी दुकानदारांना जास्त सूट दिली, म्हणजे वटाव खात्यातली गळती अधिकृत केली.

शोरूमनं पहिला फटका गिऱ्हाइकाला नाही, दुकानदाराला दिला. उद्घाटनाच्या ऑफरमधले भाव कापड पेठेतल्या दुकानांपेक्षा कमी होते. पेठेत तासाभरात बातमी फिरली. कुणी भांडायला आलं नाही. दुकानदारांनी शर्ट वरच्या फळीवर टाकले आणि गिऱ्हाइकानं नाव घेऊन मागितलं तर “तो आता पहिल्यासारखा येत नाही हो” एवढंच सांगायला सुरुवात केली. ते खरंही होतं, हीच अडचण.

पँट आणि मुलांचे कपडे बाहेरून तयार घेऊन लेबल लावलेले होते. त्यांची फॅशन दर हंगामाला बदलते, उरलेला माल मरतो. पांढऱ्या शर्टावर वाढलेल्या घराला मेलेल्या साठ्याची सवय नव्हती.

याच सुमारास लिननची लाट आली. पुढारी मंडळी आणि त्यांच्या मागचे कार्यकर्ते तयार शर्ट सोडून लिननचा पीस घेऊन पुन्हा टेलरकडे जायला लागले. ज्या टेलरच्या उशिरामुळे हा ब्रँड जन्मला, त्याच टेलरनं त्याचं वरचं गिऱ्हाईक परत नेलं. खालचं गिऱ्हाईक मॉलमधल्या स्वस्त दालनांनी आणि मोबाइलवरच्या खरेदीनं नेलं. मधला शिक्षक-ग्रामसेवक उरला, आणि कॉलरबद्दल सर्वांत चोखंदळ तोच.

२०१६ च्या अर्थसंकल्पात १,००० रुपये आणि त्यावर छापील किंमत असलेल्या ब्रँडेड कपड्यांवर अबकारी कर लागला. उत्तर म्हणून छापील किंमत ९९५ वर रोखली, आणि ती सांभाळायला कापडाचा दर्जा थोडा उतरवला. नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. ऐन लग्नसराईत पेठ थंड. जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर कापडावरही ५ टक्के कर आला आणि छोटे दुकानदार पक्क्या बिलाचा माल घ्यायला काही महिने बिचकत राहिले. हे धक्के सगळ्यांनाच बसले. ज्यांचा माल दुकानदाराला हवा होता ते सावरले.

महापूर

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. शोरूम वाचलं, पण भाडं वाचवायला साठा नदीच्या बाजूच्या एका गोदामात हलवला होता. पांढऱ्या कापडाला पुराच्या गाळाचा डाग लागला की तो ब्लीचनंही पूर्ण जात नाही. विमा होता, पुराचं संरक्षणही घेतलेलं होतं, पण पॉलिसीवर पत्ता जुन्याच जागेचा. गोदाम बदलल्याची नोंद करायची राहून गेली होती. दावा मंजूर झाला नाही. पुढच्या मार्चमध्ये टाळेबंदी. यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. मजबूत धंद्यालाही हे जड गेलं असतं, आणि हा धंदा तेव्हा मजबूत नव्हता.

नावाचा वाद

वाटणीला बसले तेव्हा मालमत्तेत शेड, शोरूम, मशिनी, येणं-देणं असं सगळं आलं. नाव कुणाचं, हा प्रश्न शेवटी निघाला. नोंदणी अण्णांच्या वैयक्तिक नावावर होती आणि दर १० वर्षांनी होणारं नूतनीकरणही त्यांनीच केलं होतं. दादांचं म्हणणं, ब्रँड भागीदारीच्या पैशानं वाढला, तो फर्मचा आहे. दोघांच्याही बाजूनं बोलता येईल असं बरंच होतं. खटला झाला असता तर दोघांचं आयुष्य त्यातच गेलं असतं. बहिणीनं मध्ये पडून मिटवलं : नाव आणि माधवनगरची शेड अण्णांकडं, शोरूमची जागा विकून बँकेचं कर्ज फेडायचं आणि उरलेलं दादांना. दादा आता दुसऱ्या कंपन्यांच्या कपड्यांचे वितरक आहेत आणि त्यांचं बरं चाललंय. विक्रीची जाण त्यांना पहिल्यापासून होतीच.

वेगळं काय करता आलं असतं

अर्ज भरताना एका ओळीनं वाद टळला असता. फर्मच्या वतीनं, सगळ्या भागीदारांची नावं घालून नोंदणी करायची होती. कपड्यांसाठी ही नोंदणी २५ व्या वर्गात होते, आणि तेव्हा खर्चही तेवढाच आला असता. गावोगावी घरगुती ब्रँड आहेत आणि बहुतेकांचे कागद असेच थोरल्याच्या नावावर आहेत.

वटाव खातं तोडून ठेवायला हवं होतं : रोखीची सूट वेगळी, दर्जाची कपात वेगळी, आणि ही कपात दुकानवार. कारकुनाचं रोजचं दहा मिनिटांचं काम. मग साताऱ्याच्या पिशवीची वाट बघावी लागली नसती.

दुसरं प्रेस घ्यायला हवं होतं, हे तर दिसतंच. पण मला जास्त खटकतं ते तपासणीचं. प्रत्येक जॉबवर्कवाल्याच्या प्रत्येक लॉटमधला एक शर्ट पाच वेळा धुऊन, वाळवून, इस्त्री करून बघायला एक वॉशिंग मशीन आणि दोन दिवस लागतात. तोवर माल गोदामात थांबवायचा, एवढाच खर्च. घाईच्या हंगामात दोन दिवस फार वाटतात, म्हणून हा नियम हंगाम नसताना घालून ठेवावा लागतो.

शोरूमबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. शोरूम काढणं चूक नव्हतं, तिथं तोच शर्ट पेठेपेक्षा स्वस्त विकणं चूक होतं. दुकानदारांकडं पांढरा शर्ट आणि शोरूममध्ये बाकीचं, अशी विभागणी केली असती तर कदाचित दोन्ही चाललं असतं. कदाचितच, कारण तोवर दुकानदारांचा विश्वास कॉलरीनं आधीच खाल्ला होता.

सध्याची स्थिती

माधवनगरच्या शेडमध्ये आठ-दहा मशिनी चालू आहेत. अण्णांचा मुलगा बघतो. फक्त पांढरे शर्ट, बरेचसे मापावर आणि ऑर्डरनं. जुनं प्रेस दुरुस्त करून तेच वापरतात. जुनी काही दुकानं थोडा माल ठेवायला लागली आहेत, पण रोखीनं आणि कमी नगांत.

मध्यंतरी एका मोठ्या व्यापाऱ्यानं नाव वापरायचा परवाना मागितला. माल तो बाहेरून शिवून घेणार, दर शर्टामागे ठरावीक रक्कम देणार. मुलाची तयारी आहे, कारण नाव पडून राहिलं तर पुढच्या पिढीला ते आठवणारही नाही. अण्णांनी करारात एक कलम घालायला लावलंय : प्रत्येक लॉटमधला नमुना माधवनगरला येईल, इथं पाच वेळा धुतला जाईल आणि कॉलर पास झाल्याशिवाय लेबलं दिली जाणार नाहीत. हंगामात एवढा वेळ नसतो, असं व्यापाऱ्याचं उत्तर आलं आहे. बोलणी त्या कलमावर थांबली आहेत.